हयातीचा महिना

सव्वानऊ वाजलेत. बँकेचं शटर अर्धंच वर गेलंय आणि त्याखालून एक झाडू बाहेर येतोय, आत जातोय. पायऱ्यांवर, कठड्यावर, शेजारच्या मेडिकलच्या फळीवर मिळून चाळीसेक माणसं बसलीत. साठीच्या आतले आम्ही दोघंच, मी आणि चहाची किटली घेऊन फिरणारा पोरगा. मी आत्याला घेऊन आलेय. परवा संध्याकाळी पुण्याहून आझाद हिंद धरली, काल सकाळी वर्ध्याला उतरले. आत्या जिवंत आहे हे बँकेला सांगायला दर नोव्हेंबरात मी सिंदी मेघेला येते. दिवाळी एखाद्या वर्षी हुकते, हे हुकत नाही.

रांगेत माणसं उभी नाहीत, पिशव्या उभ्या आहेत. पायरीवर एकापुढे एक. बियाणं कंपनीची, साडीच्या दुकानाची, कुणाच्या तरी लग्नाची, नवरा-नवरीचं नाव छापलेली. प्रत्येकीत एक प्लास्टिकचा फोल्डर, त्यात पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची झेरॉक्स, आधार, पासबुक. पिशवीचा मालक सावलीत बसून तिच्यावर नजर ठेवून आहे.

"मी मागच्या साली होतो, हे त्याईले माहीत हाय," कठड्यावरचे एक आजोबा सांगतात. "औंदा हाव का नाही, ते पाह्यते."

"आन् नसन तं?"

"नसन तं मीच येऊन सांगीन ना बापा."

हा विनोद दर वर्षी होतो. दर वर्षी हसतात, मीही हसते.

बाहेरच्या माणसाला सिंदी म्हटलं की सिंदी रेल्वे आठवते. ती सेलू तालुक्यातली. ही आमची सिंदी मेघे, वर्धा शहराला चिकटलेली; सावंगी, बोरगाव, पिपरी या तिच्या बहिणींनाही मेघे लागतं. 2011 च्या जनगणनेनं हिला जनगणना नगर म्हटलं. म्हणजे कारभार ग्रामपंचायतीचा, पण पोट शेतीवर नाही. मग कशावर? वर्ध्यात नोकरी केली, इथल्या लेआउटमध्ये प्लॉट घेतला, रिटायर झाल्यावर ग्रॅच्युइटीतून वरचा स्लॅब टाकला, अशा माणसांची ही घरं. वरचा मजला मुलासाठी. मुलगा पुण्यात.

2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सोळा टक्क्यांनी वाढली, वर्धा जिल्ह्याची जेमतेम पाच टक्क्यांनी. त्या दहा वर्षांत बॅग उचलून गेलेल्यांत मी एक. आत्याच्या शेजारच्या चार घरांतून सहा जणं गेली. मागे राहिलेले आज या पायऱ्यांवर बसलेत.

शटर वर जातं. पिशव्या उचलल्या जातात.

आतल्या बाकावर आत्याच्या एका बाजूला गुरुजी आहेत, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. आत्या लग्न होऊन या लेआउटमध्ये आली तेव्हापासूनचे शेजारी. दुसऱ्या बाजूला खाकी शर्टातले एक काका. हे थेट रात्रपाळीवरून आलेत, डोळे लाल. हिंगणघाटच्या एका कापड गिरणीत जन्म गेला, गिरणी बंद झाली, आता सत्तराव्या वर्षी एका अपार्टमेंटवर वॉचमन. आणि बाकावर जागा असूनही खाली फरशीवर बसलेली एक आजी, सिंदीच्या जुन्या गावठाणातली.

गुरुजींना महिन्याला एकोणचाळीस हजार पेन्शन आहे. वॉचमन काकांना सोळाशे चाळीस रुपये. आजीला पंधराशे.

काकांची पेन्शन ईपीएस-95 ची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची. 16 नोव्हेंबर 1995 ला ही योजना आली. तिचं गणित सरळ आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले सत्तर. पगार कितीही असो, धरायचा ठरावीक मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा बरीच वर्षं साडेसहा हजार होती, 2014 मध्ये पंधरा हजार झाली. काकांची गिरणी त्याआधीच निजली. त्याच वर्षी किमान पेन्शन हजार रुपये ठरली आणि आजही ती हजारच आहे. तिला महागाई भत्ता नाही. पहिल्या दिवशी जो आकडा बसला तो शेवटपर्यंत. साडेसात हजार करा म्हणून विदर्भातून मोर्चे निघतात, काका दोनदा जाऊन आलेत.

"सोळाशेत काय होते जी?" मी विचारते.

"शुगरच्या गोळ्या होते," काका म्हणतात. "बाकीच्यासाठी रातची ड्युटी हाय ना. पोट्टे झोपते ड्युटीवर. मले झोपच येत नाही. म्हून मालकाले म्हाताराच पायजे."

आजीचे पंधराशे श्रावणबाळ योजनेचे. 2023 पर्यंत हजार होते, मग पंधराशे झाले. ती हयातीच्या दाखल्यासाठी आलेली नाही, पैसे 'पडले का' एवढंच बघायला आलीय. पासबुक छापणारं यंत्र करकरतं, कागदावर एक ओळ उमटते. ती माझ्यापुढे धरते. नाही पडले. दोन महिन्यांचे नाहीत. काउंटरवरचा मुलगा चांगला आहे, उठून येतो, म्हणतो, "आजी, आधार पुन्हा लिंक करावं लागन, बाजूच्या सेंटरवर जा." आत्याच्या सहीला अजून वेळ आहे. मी आजीसोबत जाते.

ऑनलाइन सेंटर म्हणजे सहा बाय आठची खोली. एक लॅपटॉप, एक प्रिंटर, भिंतीवर योजनांचे फ्लेक्स, आणि टेबलावर काळ्या रंगाचं, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र, मधोमध लाल उजेड. त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी एकच: थम.

"थम लावा आजी."

आजी अंगठा ठेवते. लाल उजेड चमकतो, स्क्रीनवर इंग्रजी ओळ येते. "नाही आला. पुसून लावा." ती पदराला पुसते. नाही आला. पोरगा म्हणतो, केसांवर फिरवा. ती अंगठा केसांवरून, कपाळावरून फिरवते; तेल लागलं की रेषा उठतात हे त्याला अनुभवानं माहीत. नाही आला. तर्जनी, मधलं, डाव्या हाताचं. तो तिचा हात आपल्या हातात घेतो, बोट यंत्रावर दाबून धरतो, आई लेकराचा हात धरून पाटीवर गिरवते तसा.

मी तिची बोटं जवळून बघते. टोकं गुळगुळीत, चकाकणारी, आणि नखांच्या कडेनं बारीक आडवे चरे, काही ताजे. कापसाचं बोंड उकललं की त्याची टोकं वाळून काट्यासारखी होतात. पन्नास वर्षं ही बोटं त्यांतून कापूस ओढतायत. कालही गेली होती.

"या वयात वेचायले?"

"काहून नाही? शेतवाला आटो पाठवते ना गावात. आटोत बसलो का पाह्यतो तं समद्या आपल्याच वयाच्या. जवान बाया येत नाही आता वावरात. त्या दवाखान्यात जाते, सावंगीले. पोछा मारते पण सावलीत मारते."

बरोबरच आहे. सावलीतल्या कामाला महिन्याला पगार आहे. वावरात किलोवर पैसे.

शेवटी पोरगा मोबाइल काढतो, आजीचा चेहरा समोर धरतो. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय पेन्शनरांसाठी 2021 पासून आहे, आता ती इतरही कामांत वापरतात. "डोळे मिचकवा आजी." आजी दोन्ही डोळे घट्ट मिटून बसते, देवापुढे बसल्यासारखी. तिसऱ्या खेपेला हिरवा टिक येतो. पोरगा तीस रुपये घेतो. पंधराशेतले तीस. मला राग येतो, पण त्यालाही इंटरनेट, वीज, खोलीचं भाडं आहे. आणि ही खोली चालते ती याच आज्यांच्या अंगठ्यांवर.

परत येते तोवर आत्याची सही झालीय. गुरुजींचीही. साडेदहा वाजलेत आणि गुरुजी म्हणतात, "चला, मीही घराकडेच. भाजीचं पाहू, मग जाऊ." त्यांच्यासोबत चालायचं म्हणजे दर वीस पावलांवर थांबायचं. गुडघ्यांपायी म्हणावं तर निम्मं खरं. उरलेलं निम्मं म्हणजे हिशोब.

आधी किराणा. महिन्याची यादी आधीच दिलेली. दुकानदार वहीतून गेल्या महिन्याची उधारी काढतो, गुरुजी नोटा मोजतात. वहीत आणखी पंधरा-वीस नावं, पुढे आकडे, एकाखाली एक रेघ. "पहिली तारीख ते दहा तारीख, यातच माझा महिना निघते," दुकानदार आपण होऊन सांगतो. "बाकी वीस दिवस वही लिहितो. कापसाचा पैसा कधी येते, कधी नाही येत. मजुरी पावसावर. पेन्शन तेवढी चुकत नाही. एक तारखेची दोन झाली तं फोन मीच करतो, गुरुजी, तब्येत बरी हाय ना?"

मग मेडिकल. दारातच पाकिटांचा मनोरा. दुरून लहान बाळांचं काहीतरी वाटतं; जवळ गेल्यावर पाकिटावर चष्मा घातलेला पांढऱ्या केसांचा माणूस हसताना दिसतो. मोठ्यांचे डायपर. लहानांचे आत, वरच्या कप्प्यात, तीनच पाकिटं. दुकानदाराला विचारलं तर तो खांदे उडवतो: जे जाते ते समोर ठेवतो.

गुरुजी दोन पाकिटं घेतात. त्यांच्या बायकोला, काकूंना, अर्धांगवायू होऊन तीन वर्षं झाली.

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत साठीच्या वरच्यांना अवलंबित म्हणतात. पंधरा ते एकोणसाठ वयाचे कमावणारे, त्यांच्या खांद्यावर हे इतके, असं प्रमाण काढतात आणि पुढच्या तीस वर्षांची काळजी करतात. काळजी खरी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2023 च्या अहवालानं भारतात साठीवरचे 2050 पर्यंत वीस टक्क्यांच्या वर जातील असं म्हटलंय, म्हणजे आजच्या जवळजवळ दुप्पट. पण ते प्रमाण काढणाऱ्यांनी महिन्याच्या तीन तारखेला या किराणा दुकानात येऊन उभं राहावं आणि कोण कुणाच्या खांद्यावर बसलंय ते आधी बघावं.

गुरुजींचं घर आत्याच्या समोरच. 'आईची कृपा'; फाटकाला नवं कुलूप, गंजलेली साखळी. वर जिन्यात वाळत घातलेले चार पांढरे एप्रन. वरच्या मजल्यावर सावंगीच्या कॉलेजात नर्सिंग शिकणाऱ्या चार मुली भाड्यानं राहतात. एक जिना उतरत येते, कानात इअरफोन, ओठ हलतायत. मी थांबवून विचारते, गाणं का?

"नाही ताई, जर्मन. बी-वन लेव्हलची परीक्षा आहे."

2024 साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी करार केला, तिकडे कुशल माणसं पाठवायची. यादीत नर्स आणि वृद्धांची देखभाल करणारे अगदी वर. तिकडचे म्हातारे वाढले, हात कमी पडले. मुलगी वडनेरकडची आहे, बापाला तीन एकर कोरडवाहू. तिनं जावं असं मला मनापासून वाटतं. तिच्या पायाखालच्या खोलीत काकू पडून आहेत, हेही मला दिसतं.

दारात गुरुजींचा धाकटा मुलगा भेटतो, शाळेत निघालाय, हेल्मेट हातात. बेचाळीस वर्षांचा. गणित शिकवतो. मोठा पुण्यात, त्याला गेल्या आठवड्यात गुरुजींनी गोरसपाकचे दोन डबे कुरिअरनं पाठवले. फ्लॅटच्या हप्त्यातलं काही पाठवतात का, ते मी विचारत नाही. धाकटा इथेच. त्याची शाळा अंशतः अनुदानित, चाळीस टक्क्यावर. अनुदान वीस-वीस टक्क्यांच्या पायऱ्यांनी चढतं. तो पंधरा वर्षांत दोन पायऱ्या चढलाय. हातात येतात वीस-बावीस हजार.

"बाबांची पेन्शन माझ्या पगाराच्या दुप्पट हाय," तो हसत सांगतो. हसू सरावाचं आहे. "लोकं म्हणते, मुलगा बापाले सांभाळते. मी म्हणतो, बरं."

गुरुजी ऐकून न ऐकल्यासारखं करतात, पिशवीतून भेंड्या काढून बघतात. ते 2005 च्या मे महिन्यात निवृत्त झाले. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरपासून नोकरीला लागणाऱ्यांची जुनी पेन्शन राज्यानं बंद केली. बापाच्या पाठोपाठ दार लागलं. निवृत्तीच्या वेळी गुरुजींनी थोडी पेन्शन विकली होती, एकरकमी पैसा हाती आला होता. त्यातला मोठा भाग धाकट्याच्या नोकरीच्या वेळी गेला. कुणाकडे गेला ते या भागात कुणी विचारत नाही आणि सांगत नाही. विकलेली पेन्शन पंधरा वर्षांनी परत सुरू झाली, त्या वाढीत नातीचा नागपूरचा क्लास चाललाय.

मार्च 2023 च्या संपात धाकटा वर्ध्याच्या मोर्चात होता, 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ची टोपी घालून. टोपी अजून खुंटीला आहे. पण त्याची आजची धास्ती साठीनंतरची नाही.

"पट भरत नाही, ताई. पोरंच नाही. पहिलीत मागच्या साली चौदा होते, औंदा नऊ. संचमान्यतेत पट कमी आला का मी अतिरिक्त. मंग द्या तिकडं भामरागडले बदली, नाही तं बसा घरी."

महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी 1.7 मुलं आहेत, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतला हा आकडा. माणसं जितकी आहेत तितकी राहायला 2.1 लागतात. कागदावर हा फरक चार दशांशांचा. गणिताच्या या मास्तरला तो पहिलीच्या वर्गात रिकाम्या बाकांवर मोजता येतो. म्हातारे वाढणं आणि पोरं घटणं या दोन बातम्या पेपरात वेगवेगळ्या पानांवर येतात. या घरात त्या एकाच टेबलावर जेवतात. बाप गेला की एकोणचाळीस हजार जाणार. आई असली तर तिला कुटुंब निवृत्तिवेतन, ते बरंच कमी. तीही गेली की किराणा दुकानदाराच्या वहीतलं हे पान कोरं. लेआउटमध्ये अशी किती पानं आहेत ते आत्याला तोंडपाठ आहे: "या गल्लीत सात पेन्शनी होत्या. आता चार. तुझे फुफाजी धरून तीन गेले."

धाकटा गाडीला किक मारतो आणि जातो.

आतून हाक येते, "काकाजी, जरा हात लावा न."

काकूंना कुशीवर वळवायचंय. खोलीत फिनाइलचा आणि खोबरेल तेलाचा वास आहे. पलंगाशी वाकलेली बाई ठेंगणी, काटक, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. गुरुजींनी हात लावेपर्यंत ती थांबत नाही. एक हात काकूंच्या मानेखाली, दुसरा कमरेखाली, गुडघा पलंगाच्या कडेला टेकवून, तोंडानं "हं माय, हं, झालं" म्हणत ती काकूंना एका दमात वळवते, पाठीखाली उशी सारते. पाठ तपासते, कुठे लाल झालंय का. नाही. तीन वर्षांत एकही जखम नाही. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी मागच्या खेपेला तिला विचारलं होतं, नर्सिंग कुठं केलं? ती सातवी शिकलेली आहे.

सकाळी आठ ते रात्री आठ. महिन्याचे नऊ हजार, एकोणचाळीसमधून. तिच्याआधी दोघी सोडून गेल्या, एक सावंगीच्या दवाखान्यात सफाईला लागली. हिला विचारलं, तुला नाही जावंसं वाटत? ती म्हणते, "त्याईले पस्तीशीच्या आतल्या पायजे."

नवरा मिस्त्री होता, कंबर गेली, घरीच असतो. मुलगी अमरावतीला दिलेली. मुलगा चाकणला कंपनीत, कंत्राटावर. "पाठवते कधी कधी." ती काकूंच्या केसांत तेल घालते, वेणी घालते, पांढरी, बोटाएवढी. मी म्हणते, तुझं पुढे कसं, श्रावणबाळचा अर्ज वगैरे?

तिनं केलेली आहे चौकशी, त्याच सहा बाय आठच्या खोलीत. दोन अटी आहेत. वय पासष्ट. आणि घरचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत, म्हणजे महिन्याला साडेसतराशे. काकूंना वळवण्याचे तिला वर्षाला एक लाख आठ हजार मिळतात.

"तं मंग काय," ती वेणीला रबर लावते. "ह्यांना सोडलं का मग भेटन मले."

आधार कार्डावर तिची जन्मतारीख 1 जानेवारी 1968 आहे. खरी तारीख तिच्या आईलाही माहीत नव्हती, कॅम्पमधल्या पोरानं टाकून दिली. त्या हिशोबानं तिला 2033 साली पासष्ट पूर्ण होतील.